पाचवा फाउल

वैजयंती पांढरीपांडे यांना कशाकशाची भीती वाटते याची यादी करण्यापेक्षा कशाची वाटत नाही ते सांगणं सोपं. त्यांना बास्केटबॉलची भीती वाटत नसे. बाकी सगळ्याची वाटे. पोस्टातून येणाऱ्या तपकिरी पाकिटांची, बॉयलरच्या गुरगुरण्याची, राउंडअबाउटवर गाडी घालण्याची, आणि सगळ्यात जास्त म्हणजे फोनवर आडनावाचं स्पेलिंग सांगण्याची. नागपूरच्या माहेरीसुद्धा त्यांना 'भित्री भागूबाई' म्हणत. पण हातात चेंडू आला की बाई वेगळ्याच व्हायच्या. कॉलेजात असताना त्या संघाच्या कॅप्टन होत्या, आणि संध्याकाळी मैदानावर मुलींच्या मॅचचा स्कोअरही त्याच लिहायच्या.

नवऱ्याला, श्रीकांतना, ब्रिस्टलच्या एका हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टरांची जागा मिळाली आणि वैजयंतीबाई इंग्लंडात आल्या. शहाण्णव साली त्यांना शहराबाहेरच्या सेंट वुल्फ्रिक्स कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी लागली. हे चर्चचं कॉलेज, शिक्षक घडवणारं. तिथल्या पुरुषांच्या बास्केटबॉल संघाला स्कोअरच्या टेबलावर बसायला माणूस मिळत नव्हता. बाईंनी घाबरत घाबरत हात वर केला, तो अकरा वर्षं खाली आला नाही. आडनाव कुणाला झेपेना म्हणून त्या 'मिसेस पी' झाल्या, आणि खरं सांगायचं तर त्या देशात त्यांना घरच्यासारखं वाटायचं ते त्या टेबलामागेच.

दोन हजार आठच्या मार्चमध्ये कॉलेजचे चॅप्लेन, म्हणजे तिथले पाद्री, रेव्हरंड ह्यू लायब्ररीत आले. मे महिन्यात जुन्या खेळाडूंचं स्नेहसंमेलन होतं. त्यासाठी संघाच्या इतिहासाची छोटी पुस्तिका काढायची होती.

"तुमच्याशिवाय त्या जुन्या स्कोअरबुकांतलं कुणाला काही कळत नाही, मिसेस पी," ते म्हणाले. "तुम्हीच लिहा."

इतिहास तसा मजेशीर होता. एकसष्ट साली, अमेरिकेत दोन वर्षं राहून आलेल्या एका पाद्रीबुवांनी कॉलेजच्या बंद पडलेल्या लाँड्रीत दोन्ही भिंतींना रिंगा ठोकल्या, तिथून सुरुवात. जागा चार हात अपुरी. भिंतीलगत वाफेचे पाइप. ले-अप मारून, म्हणजे धावत जाऊन रिंगेत चेंडू टाकून, वेळेवर न थांबणाऱ्याचा दंड भाजायचा, आणि ते डाग पुढे माणसं पदकासारखी मिरवायची. मॅचआधी दोन्ही संघ गोल करून प्रार्थना करायचे आणि 'आमेन'चा आवाज विरायच्या आत पहिलं कोपर बरगडीत बसायचं. चौऱ्याहत्तर साली खरा हॉल मिळाला. अठ्ठ्याऐंशी साली चर्च कॉलेजांचा कप एकदाच जिंकला. दोन हजार पाचला कॉलेजची युनिव्हर्सिटी झाली, तपकिरी जर्सी निळी झाली, आणि आधी कॉलेज हरायचं ते आता युनिव्हर्सिटी हरू लागली. हे सगळं बाईंनी हसत हसत लिहून काढलं. राहिलं होतं दोन हजार तीन साल. तिथे मात्र त्यांचं पेन अडलं.

त्या वर्षी संघ पंधरा वर्षांनी कपच्या फायनलला पोचला होता. पोचवला होता आठ नंबरच्या कर्टिस बेलीनं. ब्रिस्टलच्या ईस्टन भागातला, आईनं एकटीनं वाढवलेला, पीईचा, म्हणजे खेळाचा, टीचर व्हायला आलेला मुलगा. टेबलावर दोघीजणी होत्या. शीट लिहायला मॉरीन, कॉलेजच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या. घड्याळ सांभाळायला वैजयंतीबाई. हॉलच्या गोंगाटात मॉरीनचं कानातलं यंत्र शिट्ट्या मारायचं, त्यांना काही ऐकू यायचं नाही. म्हणून दोघींनी एक पद्धत पाडली होती. रेफरीनं बोटांनी फाउलवाल्याचा नंबर दाखवला की बाई तो चिठ्ठीवर लिहून सरकवायच्या. मॉरीन शीटवर खूण करायच्या आणि चिठ्ठी पिनेला टोचून ठेवायच्या.

शेवटची दोन मिनिटं उरली होती. सेंट वुल्फ्रिक्स तीन गुणांनी पुढे. कर्टिसचे चार फाउल झालेले, पाचवा झाला की बाहेर. रिंगेखाली चार-पाच जण एकमेकांवर आदळले, शिट्टी झाली, रेफरीनं बोटं दाखवली, त्याच क्षणी समोरच्या कोचनं टाइमआउट मागितला. बाईंनी चिठ्ठी खरडली, सरकवली आणि घड्याळावर झुकल्या. मान वर केली तेव्हा मॉरीननं पाच फाउल झाल्याची पाटी उंचावलेली होती आणि कर्टिस टेबलासमोर उभा होता.

"मी नव्हतो! मिसेस पी, तुम्ही पाहिलंत. सांगा ना यांना!"

सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता. त्या गोंधळात आपण कोणता नंबर दाखवला याची रेफरीलाही खात्री उरली नव्हती, तोही टेबलाकडेच बघत होता, समोरचा कोच बघत होता. आपल्याला किती बोटं दिसली होती? आठवेना. त्यांनी मॉरीनच्या शीटकडे पाहिलं. आठ नंबरपुढे पाचवी खूण होती.

"शीटवर आहे, कर्टिस," त्या म्हणाल्या.

मग कर्टिसनं रेफरीला ढकललं. संघ एका गुणानं हरला. चौकशी झाली, त्याला वर्षभर खेळायला बंदी झाली, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तो कॉलेजला परत आलाच नाही.

हे सगळं बाईंना माहीत होतंच. फक्त अंतिम गुणसंख्या तपासायची म्हणून एका दुपारी त्यांनी स्टोअररूममधून दोन हजार तीनचं स्कोअरबुक काढलं. मागच्या पुठ्ठ्याला चिठ्ठ्यांचा गठ्ठा अजून टोचलेला होता. मॉरीन कागदाचा कपटा कधी टाकायच्या नाहीत. सगळ्यात वरची चिठ्ठी शेवटची, कर्टिसच्या त्या पाचव्या फाउलची. इतर सगळ्या चिठ्ठ्यांवर स्वच्छ इंग्रजी आकडे होते. या एकीवर नव्हता.

माणूस घाबरला की मातृभाषेत ओरडतो म्हणतात. वैजयंतीबाई घाबरल्या की मातृभाषेत लिहायच्या. चिठ्ठीवर होता मराठी चार. खाली गाठ, वर दोन फाटे. घाईत ते फाटे एकमेकांना जवळजवळ चिकटलेले. ज्याला देवनागरी येत नाही, त्यानं त्याला इंग्रजी आठ म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

फाउल चार नंबरचा होता.

बाई स्टोअररूमच्या फरशीवर मटकन बसल्या. बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणाची पावलं वाजली, तशी त्यांनी चिठ्ठी उपसून कार्डिगनच्या खिशात कोंबली, आणि मग आपण हे काय केलं म्हणून आणखी घाबरल्या.

घरी श्रीकांतनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"लिसन, वैजू. शीट मॉरीनच्या हँडरायटिंगमध्ये आहे ना? सो ऑफिशियली मिस्टेक तिची. आणि ती आता या जगात नाही. तिला काय फरक पडतोय?"

"अहो, असं कसं बोलता? तिनं मी लिहिलं तेच वाचलं."

"हे बघ, झाकली मूठ सव्वा लाखाची. पाच वर्षं झाली. तू उघड केलंस तर लोक काय म्हणतील? इंडियन बाईला आकडेसुद्धा धड लिहिता येत नाहीत, हेच. डोन्ट ओपन धिस."

नवऱ्याचं म्हणणं त्यांना पटलं नाही, पण भीती मात्र पटली. आठवडाभर बाईंना अन्न गोड लागलं नाही. लायब्ररीत कुणी "मिसेस पी" म्हणून हाक मारली तरी त्या दचकायच्या. संमेलनाच्या कमिटीनं पुस्तिकेसाठी एक वाक्य आधीच पाठवलं होतं: 'एका खेळाडूच्या बेशिस्तीमुळे विजय हातचा गेला.' ते टाइप करायला बाई तीनदा बसल्या. तिन्ही वेळा एक अक्षरही न उमटवता उठल्या. छापखान्याची तारीख जवळ येत होती. एकदा छापलं की कर्टिस बेली कायमचा बेशिस्त. आणि सही कुणाची, तर त्यांचीच.

शेवटी चिठ्ठी घेऊन त्या रेव्हरंड ह्यूंच्या खोलीत गेल्या. चिठ्ठी पुढे केली, मराठी चार कसा असतो ते दुसऱ्या कागदावर काढून दाखवलं आणि रडू लागल्या.

ह्यू भला माणूस. त्यांनी चहा केला, टिश्यूचा डबा पुढे केला.

"चूक कुणाच्या हातून होत नाही? देवानं तुम्हाला केव्हाच क्षमा केली आहे. आता स्वतःला त्रास करून घेऊ नका. ते वाक्य आपण काढून टाकू. दोन हजार तीनबद्दल काहीच लिहायला नको. झालं?"

झालं! पाच मिनिटांत झालं. बाहेर आल्यावर बाईंना हलकं वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्यांना जास्तच भीती वाटली. ज्याचं नुकसान झालं त्याला पत्ताच नाही, आणि इकडे माफी वाटूनही झाली. शिवाय बेशिस्तीचं वाक्य काढलं की कर्टिसनं संघाला फायनलपर्यंत नेलं तेही गेलं. म्हणजे आधी मुलाला बाहेर काढलं, आता इतिहासातूनही काढायचं. बाईंना संताप आला, आणि त्यांच्या आयुष्यात ही गोष्ट फार क्वचित घडलेली.

कर्टिसचा पत्ता लायब्ररीतच मिळाला. त्याच्या जुन्या कार्डावर होता, परत न केलेल्या दोन पुस्तकांसकट. शनिवारी दुपारी बाई बसनं ईस्टनला गेल्या. रस्ता विचारायचीही भीती, म्हणून दोनदा त्याच चौकात फिरून आल्या. पत्त्यावरच्या घराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, आई दुकानात गेल्येय, कर्टिस कोपऱ्यावरच्या टायरच्या दुकानात कामाला आहे.

तो जाड झाला होता. त्यानं ओळखलं आणि हात पुसत पुढे आला. "मिसेस पी? इकडे कुठे?"

सगळं पाठ करून आणलेलं भाषण बाई विसरल्या. त्यांनी चिठ्ठी त्याच्या ग्रीसनं काळ्या झालेल्या तळहातावर ठेवली आणि तुटक तुटक सांगितलं. मॉरीन नाही, मी. हा चार आहे. आमच्या भाषेतला चार. फाउल तुझा नव्हता.

तो ओरडेल, असं त्यांना वाटलं होतं. ढकलेल, असंही वाटलं होतं. पण त्यानं चिठ्ठी उजेडाकडे धरून पाहिली.

"म्हणजे मी खरंच केला नव्हता?" त्यानं विचारलं.

बाईंना प्रश्नच कळला नाही.

"सगळे म्हणाले केला. शीट म्हणाली. तुम्ही म्हणालात," कर्टिस म्हणाला. "तुम्ही कधी चुकायच्या नाहीत. वर्षभरानं मलाही वाटायला लागलं, केला असेल मीच. आठवायला गेलो की माझा हात समोरच्या खेळाडूच्या मनगटावर लागलेला दिसायचासुद्धा."

बाईंना हुंदका आवरेना. "मला माफ कर," त्या म्हणाल्या. "मी पुस्तकात छापणार आहे, माझ्या नावानिशी. ते छापणार नसतील तर संमेलनात उभी राहून सांगेन."

"छापा," तो म्हणाला. "पण आधी माझ्या आईला सांगा. मी सांगून उपयोग नाही."

मिसेस बेली पिशव्या घेऊन नुकत्याच घरात शिरल्या होत्या. उंच, ताठ बाई. भिंतीवर क्रॉस, खाली वृद्धांच्या नर्सिंग होममधल्या नोकरीचा निळा झगा टांगलेला. आयुष्यातल्या साऱ्या भीती एकीकडे आणि या बाईंचे डोळे एकीकडे. तरी त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. या वेळी अडखळल्या नाहीत. शीटवर आहे, असं आपण म्हणालो, तेसुद्धा सांगितलं.

मिसेस बेलींनी चिठ्ठी हातात घेतली नाही. त्या खुर्चीवर बसल्या. वैजयंतीबाईंकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्या मुलाकडे बघत होत्या.

"मी तुला त्या रेफरीला पत्र लिहायला लावलं होतं," त्या म्हणाल्या. "फाउल केला आणि वर खोटं बोललो, असं. समोर बसून लिहून घेतलं. लिहीपर्यंत जेवायला दिलं नव्हतं."

"जाऊ दे, मम."

"तू मला सांगत होतास."

"दोनदाच सांगितलं," कर्टिस म्हणाला. "मग तू प्रार्थना करायला बसलीस, मी खरं बोलावं म्हणून."