गेनबाचे शाफ्ट आणि प्लॅस्टिकचं भिंग

हसणार नसाल तर सांगतो. नाहीतर आपण खाल्लेली माती चारचौघांत कोण सांगत बसतो?

ऐंशी सालानंतरची गोष्ट. चिंचवडच्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्टर होतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, जाड चष्मा नको असेल तर डोळ्यातच प्लॅस्टिकचं नवं भिंग बसवू. प्लॅस्टिक? जन्मभर लोकांचा माल नाकारलेला माणूस मी. ओरिजिनल पार्ट काढून तिथं प्लॅस्टिक बसवू देईन होय? बायको रोज विचारायची, मी रोज 'बघू' म्हणायचो.

मापं गेजवर घ्यायचो, नग त्यात बसतो की नाही हे हातालाच कळायचं, त्यामुळे कामावर निभत होतं. मग एकदा गेनबाचा लॉट आला, शाफ्टचा, म्हणजे मशीनच्या गोल लोखंडी दांड्यांचा. गेनबा चिखलीचा, ग्राइंडिंगवरचा जुना कामगार. पंधरा वर्षांत त्याचा एक नग परत गेला नव्हता. या शाफ्टना चकाकी हवी होती, आणि मला दिसत होतं नुसतं धुरकट लोखंड. केला रिजेक्ट! त्यानं मुकाट्यानं पुन्हा पॉलिश केलं. पुन्हा रिजेक्ट. तिसऱ्यांदाही तेच, आणि वर मी मेमोची भाषा केली. बिचाऱ्याचा चेहरा पडला असणार, पण मला दिसतोय कप्पाळ!

चौथ्यांदा त्यानं एकच शाफ्ट हातात दिला. मी तो खिडकीशी नेला, फिरवला, पार नाकाला लावला आणि म्हणालो, "गेनबा, हा तर सगळ्यात वाईट आहे."

तो हळूच कानाशी आला. "साहेब, ह्यो माझा न्हाई. तुमच्या कपाटातला नमुन्याचा पीस हाय."

ज्याच्याशी ताडून अख्खा कारखाना माल पास करायचा, तो! लाज तर वाटलीच, पण त्याहून जास्त भीती वाटली. नोकरीची आणि डोळ्यांचीही. प्लॅस्टिकचं सगळं त्याला सांगून टाकलं.

"बेअरिंग गेलं म्हून आपण मशीन भंगारात घालतो व्हय?" तो म्हणाला. "बेअरिंगच बदलतो न्हवं?"

त्यानं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. उलट रजा टाकून माझ्यासोबत दवाखान्यात बसला. असा माणूस, आणि मी त्याला मेमो द्यायला निघालो होतो.

ऑपरेशन छान झालं. दोन महिन्यांनी कामावर आलो आणि गेनबाचे शाफ्ट पाहिले. त्यात माझं तोंड दिसत होतं! मग हौसेनं गोदामात गेलो आणि मीच पास केलेला जुना माल काढून पाहिला. चरे काय, डाग काय, विचारू नका.

तेव्हापासून कुणीही विचारलं की सांगतो, भिंग बिनधास्त बसवून घ्या. फक्त इन्स्पेक्टर असाल, तर आधी रिटायर व्हा.