गिनाची काळ्या चौकटीची पत्रं

आमच्या गावात माणूस गेलं की काळ्या चौकटीचा कागद फाटकावर, खांबांवर, बसथांब्यावर चिकटतो. फोटो, नाव, दफन किती वाजता. चाळिसाव्या दिवशी प्रार्थना असते, तेव्हा पुन्हा एक. तो कागद कुणी घरात नेत नाही, मरण उंबऱ्याच्या आत घ्यायचं नसतं. पण आता वाचायला राहिलंय कोण? निम्मं गाव स्पेनमध्ये, निम्मं कबरस्तानात.

म्हणून गिनानं ते ईमेलनं पाठवायला घेतलं. गिना माझी शेजारीण. आमच्या पोस्टात तारा पाठवायची. पोस्ट बंद झालं, बाईचा राग चालूच. आधी एका कंपनीमार्फत पाठवायची. कंपनीनं ‘सतत मृत्यूचा मजकूर’ म्हणून खातंच बंद केलं!

“गावात माणसं मरतायत, तर काय बारशाची आमंत्रणं धाडू?” असं खेकसून तिनं जुना कॉम्प्युटर लोणच्याच्या बरण्यांशेजारी मांडला. फुकट मिळणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर वाचून वाचून बसवलं आणि स्वतःच्या सर्व्हरवरून तीनशे बारा पत्त्यांवर पत्रं जाऊ लागली.

वर्षभर बरं चाललं. मग पत्रं लोकांच्या स्पॅममध्ये पडायला लागली. गिनानं एकूण एक सेटिंग तपासली. शेवटी एका मेल कंपनीकडून ‘हे स्पॅम आहे’ अशी तक्रार करणाऱ्यांची यादी आली. बघतो तर काय, सगळी आपलीच माणसं! कागद घरात ठेवायचा नाही ना? मग वाचून झालं की दाबा ‘स्पॅम’. पुसून टाकायचं बटण शेजारीच होतं. पण पुसणं म्हणजे मेलेल्याचं नाव पुसणं, ते पाप! माझं तर डोकंच फिरलं. असं करू नका म्हणून गिनानं सगळ्यांना कळवलं, तर तेही पत्र स्पॅममध्येच गेलं.

मार्चमध्ये गावातली म्हातारी त्सोना गेली. तिचा एकुलता एक मुलगा ल्युबेन स्पेनमध्ये. नंबर बदललेला, नवा कुणालाच दिलेला नाही. दहाव्या दिवशी हा गिनाचं दार बडवत उभा.

“माझी आई मेली, मावशी! आणि मला तिकडं स्पेनच्या बाजारात परका माणूस सांगतो? जळो तुझा तो सर्व्हर!”

“आवाज खाली. फोन काढ. स्पॅम उघड.”

तीन पत्रं होती. मीही वाकून वाचली. पहिलं: दफन गुरुवारी दोन वाजता. दुसरं: ल्युबेन, नंबर लागत नाही, तुझ्यासाठी थांबवलंय. तिसरं: शुक्रवारी संध्याकाळपर्यंत थांबलो, पाद्री आणखी थांबेना, तुझ्या नावची माती मी टाकली.

ल्युबेनच्या तोंडचं पाणी पळालं. “हे... हे इथे कसं गेलं?”

गिनानं यादी त्याच्या पुढ्यात आपटली. “अकरा वेळा बटण दाबलंस, मेल्या! शेजारपाजारचं मरण तुला दारात नको होतं. मग आईचं कसं आत येणार? आणि वर माझ्याच दारावर बोंबलतोस? लाज कशी वाटत नाही!”

दोन दिवस हीच बाई त्सोनापाशी बसून फोन लावत होती, मी पाहिलंय. मला वाटलं, द्यावी एक त्याच्या थोबाडीत. पण तो पायरीवर बसला होता, फोन दोन्ही हातांत धरून.

“मावशी, ही बाहेर कशी काढायची?”

“‘स्पॅम नाही’ लिहिलंय, ते दाब.”

त्यानं एकेक करून तिन्ही बाहेर काढली. मग मान वर न करता विचारलं, “आता पुढचं येईल ना मला?”

“येईल,” गिना म्हणाली. “तिच्या चाळिसाव्याचं.”