सालीचे काजू परदेशी अडकले तेव्हा

"माल परत न्या, नाहीतर आम्ही नष्ट करू. मुदत पाच दिवस."

युरोपातल्या एका बंदरातून आलेला हा ईमेल मी म्हापशातल्या माझ्या ऑफिसात मोठ्याने वाचला. समोर डिचोलीकडच्या लाटंबार्से गावच्या शेवंतीबाई बसल्या होत्या. त्यांच्या बायकांच्या गटाने पहिल्यांदाच काजू परदेशी पाठवले होते.

"नष्ट म्हणजे जाळतले?" त्यांनी विचारलं.

मी कस्टम्स ब्रोकर. सरहद्दीवर मालाची कागदपत्रं सांभाळणं हा माझा धंदा. प्रत्येक मालाला एचएस कोड असतो आणि त्याचे पहिले सहा आकडे जवळजवळ जगभर सारखे. कवचासकट काजूचा कोड वेगळा, फोडलेल्या काजूचा वेगळा. आम्ही फोडलेल्याचा लावला होता. तिथल्या अधिकाऱ्याने पेटी उघडली तर आत तपकिरी काजू, कवच फोडलेले पण गरावरची पातळ साल तशीच. ती सालच कवच समजून त्याने कोड खोटा ठरवून टाकला.

"साल ठेवलीत कशाला?" मी चिडलोच.

"मगे? साल काढल्यार काजूक चव रवता?"

खरं तर चूक माझी. आपल्याकडे सगळे सालीचेच काजू खातात. ती साल कुणाला समजावून सांगावी लागेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

जागतिक व्यापाराच्या मोठ्या दरबारात फक्त देश तक्रार करू शकतात. लाटंबार्सेच्या बायकांना तिथे कोण विचारतो? याचा मला अजूनही राग येतो. पण त्याच दरबारात देशांनी एक शहाणपणाची गोष्ट कबूल केली आहे. कस्टम्सचे नियम उघड ठेवायचे आणि अपिलाची सोय द्यायची. मी तिथल्या कस्टम्स खात्याच्या साइटवरचे जुने निर्णय चाळत बसलो. तिसऱ्या दिवशी बदाम सापडला. बदामालाही तपकिरी साल असते, तरी त्यांच्याच खात्याने त्याला फोडलेला म्हटलं होतं!

एका पानाचं अपील लिहिलं. सोबत शेवंतीबाईंच्या तळहातावरच्या तीन काजूंचा फोटो लावला. एक कवचातला, एक सालीचा, एक पांढरा.

पाचव्या दिवशी दुपारी उत्तर आलं. कोड बरोबर, माल सोडला. मी टेबलावर मूठ आपटली आणि शेवंतीबाईंना फोन लावला. पलीकडे बायकांनी असा काही कल्ला केला की फोन कानापासून लांब धरावा लागला.

"सर, त्या सायबान एक तरी खाऊन बघल्यान?"

"ते त्यांच्या नियमात बसत नाही, बाई."

आता प्रत्येक इनव्हॉइसवर मी एक ओळ टाकतो, 'ही साल आहे, कवच नव्हे.' डिचोलीत कुणी वाचली तर मला वेड्यात काढेल. पण माल डिचोलीत उतरत नाही.