बाबांचा दम आणि शाळेतले कैदी

करोनाच्या वर्षी तुरुंगात पाय ठेवायला जागा उरली नाही, म्हणून नव्या कैद्यांना सुरुवातीचे काही दिवस ठेवायला सरकारने आमच्या मुलुंडच्या सोसायटीमागची शाळा घेतली. झालं! सगळ्यांची पाचावर धारण बसली. वर्गांच्या खिडक्या थेट आमच्या कंपाऊंडवर उघडतात ना! बघता बघता प्रत्येक बाल्कनीला ग्रिल लागलं. कैद्यांपेक्षा आपल्याच खिडक्यांना गज जास्त झालेत, असं मी म्हटलं तर आई माझ्यावरच डाफरली.

सगळ्यात मोठा आवाज बाबांचा. रागावले की ते सरळ मालवणीत शिरतात. "तुरुंगात जागा नाय म्हणान हेंका आमच्या उशाक हाडून ठेवल्यानी!"

तेवढ्यात सोसायटीचे गणपती आले. विठोबाच्या आरतीत एक जागा येते, तिथे सगळे छाती भरून एकच सूर ताणतात आणि एकेक जण गळत जातो. ही स्पर्धा आहे असं कुणीही कबूल करत नाही, पण कोण शेवटपर्यंत टिकलं हे सगळ्यांना पाठ असतं. आमच्याकडे वर्षानुवर्षं बाबाच टिकायचे.

त्या वर्षी पहिल्याच संध्याकाळी बाबा लालबुंद होऊन थांबले, आणि सूर चालूच! आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. सूर वरून येत होता, शाळेच्या तिसऱ्या मजल्यावरून. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"तोंडाक मास्क होतो माझ्या," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मास्क हनुवटीवर होता. तरी हरले. मग घरात ज्येष्ठमध, वाफारे आणि बाथरूममध्ये रियाज सुरू झाला. आई करवादली, "अहो, जरा थांबा, मला कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीयेत!" मी हसू दाबत होते, पण खरं सांगू? वाईटही वाटत होतं. रिटायर झाल्यापासून बाबांना टाळ्या मिळायची ती एकच जागा उरली होती.

सेक्रेटरींनाही बाबांची दया आली असावी. तिसऱ्या दिवशी त्यांनी शाळेच्या गेटवरच्या पोलिसाला गाठून आरतीपुरत्या खिडक्या लावून घेतल्या. बाबा शेवटपर्यंत टिकले. टाळ्या पडल्या. बाबांनी वर बंद खिडक्यांकडे पाहिलं आणि त्यांचं डोकंच सणकलं.

"तेचा तोंड बंद करून मी जिंकू? मी काय चोर आसंय?"

आणि तडक गेटवर जाऊन खिडक्या उघडा म्हणून त्या पोलिसाशी भांडले. पोलीस म्हणाला, "काका, तुमच्याच लोकांनी बंद करायला लावल्या ना?" बाबांनी सेक्रेटरींकडे असं काही पाहिलं की ते प्रसाद वाटायला पळाले.

पाचव्या दिवशी, विसर्जनाआधीच्या आरतीला, तिसरा मजला सताड उघडा होता. ती जागा आली. एकेक जण गळाला आणि दोघंच उरले, एक खाली, एक वर. बाबांच्या मानेच्या शिरा फुगल्या. मी मनात म्हणत होते, बाबा, सोडू नका, सोडू नका. पण सुटलाच दम. वरचा सूर जेमतेम एक श्वासभर पुढे गेला आणि थांबला.

कुणी टाळ्या वाजवेना. बाबा धापा टाकत भिंतीपाशी गेले आणि वर तोंड करून ओरडले, "खयचो रे तू?"

गजांतून एक हात हलला. "देवगडचो, काकानू!"

आमचं गावही देवगडातच. बाबांचा चेहरा असा काही खुलला! सेक्रेटरींकडे वळून म्हणाले, "तरीच! भायलो कोणय माका हरवूक शकत नाय." मग पुन्हा वर बघून विचारलं, "वाडी खयची?"

गजांतला हात झटकन आत गेला. वाडी कळली की घर कळणार, आणि गावात बातमी जायला कितीसा वेळ लागतो. बाबांच्या ते लगेच ध्यानात आलं. आवाज उतरवून म्हणाले, "ऱ्हवांदे, ऱ्हवांदे. सांगा नको."

त्या वर्षी तलावावर जायची सोय नव्हती. कंपाऊंडमध्येच पाण्याचं पिंप भरून ठेवलं होतं. मूर्ती पाण्यात उतरली आणि आम्ही सगळ्यांनी घसा ताणून गजर केला, "पुढच्या वर्षी लवकर या!"

बाबा एकदम दचकले, भिंतीकडे धावले आणि तिसऱ्या मजल्याकडे बघून घाईघाईने ओरडले, "रे, ह्यां तुका नाय हां! तू येव नको!"