गाऊन दिलेली हजेरी

"गाऊन सांग."

सरांनी पेनाचं टोपण टेबलावर वाजवलं. आठवीचा अख्खा वर्ग माझ्याकडं वळला. मी उभी. 'हजर' हा शब्द घशाशी येऊन बसलेला. ह, ह, ह. पुढं सरकेना.

"अगं, काल शाळेच्या गणपतीला आरती घडाघडा म्हणत होतीस. गाताना जीभ अडकत नाही ना? मग हजेरीही गाऊनच द्यायची. रोज."

खरं होतं ते. गाताना मी कधीच अडखळले नव्हते. गावच्या सप्त्यात आईच्या भजनी मंडळात मी पुढं बसायचे. अभंग सुरू झाला की जीभ मोकळी. तेवढी एकच जागा होती, जिथं कुणी माझ्या तोंडाकडं कीव करत बघायचं नाही.

मी गायले. आरतीच्या चालीवर, "हजर सर." मागच्या बाकावर हॉटेलवाल्याच्या पोरानं कंपासपेटीवर ताल धरला. "बोला पुंडलिक वरदे!" वर्गात हशा पिकला. सरही हसले.

मग रोज तेच. मधल्या सुट्टीत पोरी म्हणायच्या, "ए बफरिंग, पाणी हवंय? गाऊन माग ना." लोणावळ्यात बंगले असलेल्या घरांतली ती मुलं. मी खेड्यातून एसटीनं येणारी. माझ्या व्हय-न्हाईलाही हसायची. अडखळणं तर आयतंच सापडलं.

आईला सांगितलं. ती दिवसभर चिक्कीची पाकिटं भरून आलेली. "गा की मग. तुजं काय झिजतंय? सरांच्या तोंडाला कशाला लागतीस?"

सप्ता आला. आईनं मला पुढं बसवलं. मी तोंड उघडलं आणि कानात कंपासपेटी वाजली. जीभ अडकली नाही. आवाजच आला नाही. टाळ थांबले. बायका माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. तसंच, कीव करत.

देवळामागं जाऊन मी मातीत तोंड खुपसलं. वाटलं, ही जीभ उपटून टाकावी. आता कुठंच जागा उरली नव्हती.

सोमवारी सरांनी माझा नंबर पुकारला. "तेवीस. गा."

"न्हाई."

तेवढं सरळ आलं. मग मी 'हजर' म्हणायला घेतलं. बोलून. ह. ह. ह. कंपासपेटी वाजायला लागली. मी थांबले नाही. मान ताठली, लाळ हनुवटीवर आली, ती पुसली नाही. सर पुढं गेले. चोवीस, पंचवीस. पोरं पटापट 'हजर' म्हणत होती. माझं 'जर' बाहेर पडलं तेव्हा सर बत्तीसवर होते.

"उशीर झाला," ते म्हणाले आणि माझी गैरहजेरी लावली. वर्गात उभ्या असलेल्या मुलीची.

दुसऱ्या दिवशीही मी बोलूनच हजेरी दिली. तिसऱ्याही. त्या वर्षी कागदावर मी शाळेत जवळजवळ नव्हतेच.

आता मी पदवीधर आहे. आमच्या घरात पहिली. परवा एका रिसॉर्टच्या ऑफिसात मुलाखतीला गेले. साहेबांनी मधेच हात वर केला. "राहू दे, लिहून दे." मी लिहून दिलं नाही. वाक्य पुरं केलं. नोकरी हातची गेली.

भजन अजून परत आलेलं नाही. सप्त्यात आई माझी जागा रिकामी ठेवते. मी तिथं जाऊन बसते. गप्प.

माझं गाणं तुम्ही नेलंत. बोलणं देणार नाही. नाव विचारलंत तर सांगेन. माझ्या जिभेनं, माझ्या वेळात. तोवर तुम्ही थांबायचं.