मशेरी लागली म्हणून

माझी आई सकाळी चहाच्या आधी पडवीत बसून मशेरी लावते. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, कुटून डबीत भरलेली. आमच्या आळीत चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक बायका त्या वेळी तशाच बसलेल्या दिसतात, एक बोट हिरड्यांवर आणि नजर रस्त्यावर. भाजताना घरभर ठसका उठतो, म्हणून माझ्या बायकोने ते काम फार पूर्वीच सोडलं. आई मागच्या अंगणात चूल पेटवून स्वतःच भाजते. तंबाखू आणायचं काम माझं. शनिवारी रसायनीतल्या कंपनीतून सुटलो की घराकडे न वळता मी पुढे खोपोलीच्या शिळफाट्याला जायचो. दुकानदार मला बघून न विचारता पुडी बांधायला घ्यायचा. आईसाठी मी नेमाने करत होतो असं हे एकच काम होतं, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

त्या रविवारी मी आत दाढी करत होतो. डबी फरशीवर पडल्याचा आवाज आला. बाहेर आलो तर आई भिंतीला टेकून बसलेली, उजवा हात मांडीवर उलटा पडलेला. काहीतरी सांगत होती, पण शब्द सगळे एकमेकांत लगदा होऊन येत होते. मी आदल्याच दिवशी नवी तंबाखू आणली होती. कडक तंबाखूने भोवळ येते, घाम फुटतो. त्याला आमच्याकडे मशेरी लागली म्हणतात. मी हसलो.

"आई, कडक निघाली वाटतं या खेपेला."

बायको लिंबू-पाणी घेऊन आली. तिने आईला ते पाजलं, तर अर्धं ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळलं.

"अहो, यांचं तोंड वाकडं दिसतंय," ती म्हणाली.

"गालात मशेरी आहे अजून. चूळ भरू दे."

चहा उकळेपर्यंत आई बोलायला लागली. हात उचलून तिने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. "कसली आनलीस रं? घोड्याला घालायची हाय का?"

आम्ही सगळे हसलो. मी तो किस्सा आळीत सांगितला, सोमवारी कॅन्टीनमध्येही सांगितला. लिंबू-पाण्याचा तो ओघळ मात्र कुणाला सांगितला नाही. किश्श्यात तो बसत नव्हता. मला तो दिसला होता एवढं मी आज लिहून ठेवतो.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आई आणि बायको वाल सोलत बसल्या होत्या. मी नुकताच कामावरून आलो होतो, बूटही काढले नव्हते. आईच्या उजव्या हातातून वाल निसटायला लागले. ती पुन्हा उचलायची, पुन्हा निसटायचे. मग तिने तोंड उघडलं आणि शब्दांचा तोच लगदा बाहेर आला.

"मशेरी लागली असेल," मी म्हणालो.

"आज लावलीच नाही त्यांनी," बायको म्हणाली. "त्या दिवसापासून डबीला हातच लावला नाही. कडक आहे म्हणाल्या."

ती रस्त्यावर जाऊन रिक्षा घेऊन आली. तोवर आईची जीभ मोकळी झाली होती. "मी बरी हाय रं. कशाला नेता?" खरं सांगायचं तर मी तेव्हाही डगमगलो. बरी दिसते आहे, उद्या बघू, असं तोंडावर आलं होतं. बायकोने माझ्याकडे न बघता आईला रिक्षात बसवलं आणि मला म्हणाली, "तुम्ही पुढे बसा."

खोपोलीच्या डॉक्टरांनी प्रेशर बघितलं, नाडी धरली, ती बराच वेळ सोडली नाही, आणि लगेच पनवेलला न्यायला सांगितलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी आईला हात उचलायला लावले, हसायला लावलं. मग मला विचारलं, "याआधी असं कधी झालं होतं?"

"नाही," मी म्हणालो.

"झालं ना रं," आई म्हणाली. "रविवारी. तू हसत होतास." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला फक्त आठवलं होतं.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. मेंदूकडे जाणारं रक्त थोडा वेळ अडलं होतं आणि अडथळा आपोआप सुटला होता. सुटला म्हणून विषय संपत नाही. ही मोठ्या झटक्याची सूचना असते, आणि त्यानंतरचे पहिले काही दिवस सगळ्यात धोक्याचे. ते दिवस आम्ही वाल सोलण्यात घालवले होते.

"पण झालं कशाने?" मी विचारलं.

हृदयाचे ठोके अनियमित पडतात, त्यामुळे आत रक्त साचून गुठळी होते आणि ती वर जाते, असं त्या म्हणाल्या. प्रेशर कित्येक वर्षं वाढलेलं असणार, त्याने रक्तवाहिन्या कडक होतात. मानेतली एक वाहिनी थोडी अरुंद झाली आहे. साखर काठावर आहे. वय आहे. तंबाखू तर आहेच.

"यातलं मुख्य कोणतं?"

"तुम्हाला एकच का हवंय?" त्यांनी विचारलं.

तंबाखू असं त्या म्हणाल्या असत्या तर मी एकदाचा दोषी ठरलो असतो. हृदय म्हणाल्या असत्या तर सुटलो असतो. त्यांनी मला दोन्हींपैकी काहीच दिलं नाही. उलट प्रेशरच्या गोळ्यांचं विचारलं. गावात शिबिर झालं होतं तेव्हा आईला गोळ्या मिळाल्या होत्या. त्या संपल्यावर ती म्हणाली होती, डोकं दुखत नाय तर गोळी कशाला, आणि मी मान डोलावली होती. शिळफाट्याच्या त्या दुकानापासून मेडिकल चार पावलांवर आहे.

आता ती रक्त पातळ ठेवायची गोळी घेते, प्रेशरची घेते. मी शिळफाट्याला जातो ते औषधांसाठी. तंबाखूच्या दुकानासमोरून जाताना पलीकडची बाजू धरतो. रोज सकाळी मी आईसमोर बसतो आणि तिला दोन्ही हात वर करायला सांगतो.

"आता काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"काहीही."

"मरेस्तवर मला कवायत करायला लावनार हायस तू."

प्रत्येक शब्द सुटा येतो. ती जितकं बोचरं बोलेल तितकं मला बरं वाटतं.

परवा तिने हात वर केले. दोन्ही सारखे होते, एकही खाली सरकला नाही. पण उजव्या तर्जनीचं टोक काळं होतं.

"कुणी दिली?"

तिने हात खाली घेतले. "शेजारची देते चिमूटभर. तू आनत नायस तर काय करू? कमी केलीय रं मी."

मी चपला घालून शेजारी गेलो. काकू पायरीवरच बसल्या होत्या, डबी मांडीवर. मी म्हणालो, "काकू, आईला मशेरी देऊ नका. तिला त्या रविवारी मशेरी लागली नव्हती. तो झटका होता."

त्या हसल्या. "तूच तर आळीभर सांगत होतास रं, लागली म्हनून. लागते ती. मला बी लागते कदी कदी. हात मेल्यावानी व्हतो, बोलायला येत नाय. पानी पिलं की जातं."

"कोणता हात?"

त्यांनी डावा हात पुढे केला आणि माझ्या तोंडाकडे बघून हसायच्या थांबल्या.

"शेवटचं कधी झालं होतं?"

"या सोमवारी. का रं?"

मी त्यांच्या मांडीवरची डबी उचलून बाजूला ठेवली.

"काकू," मी विचारलं, "मुलगा घरी आहे का? त्याला बाहेर बोलवा."