रंभाबाईचे दात

तुलाराम ख्रिस्ती झाला तेव्हा गावाने त्याला वाळीत टाकलं नाही. तेवढी मेहनत कोण घेणार? लोकांनी फक्त त्याच्याकडे जाणं-येणं बंद केलं. भंडारा जिल्ह्यातलं, करडीच्या पलीकडचं लहानसं गाव ते. धानाच्या रोवणीला त्याच्या बांधीत बाया येईनात, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत कुणी पानसुपारी पुढे करेना. बायको, शकुनबाई, तर पोरगा गेला तेव्हाच लाखनीला माहेरी निघून गेली होती. दर रविवारी तुलाराम एसटीने भंडाऱ्याला प्रार्थनेला जाई आणि एकटाच परत येई. पारावरून हाक यायची, "आला का रे, येशूचा जावई?" तोही हसायचा. घरी मात्र एकट्यापुरते तांदूळ धुताना त्याला रडू यायचं.

पण त्याला आतून खात होती ती रंभाबाई.

रंभाबाई गावची सुईण. बाहत्तर साली तुलारामचा दुडूदुडू चालणारा मुलगा तापाने गेला आणि मांत्रिकाने रंभाबाईच्या घराकडे बोट दाखवलं. करणीवालीचे दात पाडले की तिचा मंत्र चालत नाही, असं चांगले शहाणेसुरते लोक मानत. धन्य त्यांचं शहाणपण! चौघांनी तिला धरलं. दगड तुलारामच्या हातात होता.

पोलीस आले तेव्हा तोंडाला पदर दाबून ती म्हणाली, "पडली जी मी. ओट्यावरून घसरली."

तुलाराम सुटला. रंभाबाईला मात्र त्यानंतर कुणी बाळंतपणाला बोलावलं नाही.

पुढे नांगराचा फाळ लागून तुलारामचा पाय चिघळला आणि तो मिशनच्या दवाखान्यात पडून राहिला. तिथली म्हातारी नर्स संध्याकाळी वाचून दाखवायची. खिळे ठोकणाऱ्यांसाठीच क्षमा मागणाऱ्या प्रभूची गोष्ट तिने वाचली, तेव्हा बाकीचे रोगी जांभया देत होते. तुलाराम ढसाढसा रडला. असं माणूस त्याने गावात पाहिलं होतं. त्याने बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर.

चर्चचे पाळक म्हणाले, देवाने तुला क्षमा केली. केली असेल. पण दात काही देवाचे पाडले नव्हते! रंभाबाईसमोर जायची त्याची छाती होईना. तिचं घर टाळून तो लांबच्या वाटेने शेतावर जायचा. अशी वर्षंच्या वर्षं गेली.

शेवटी एका वर्षी नवं धान घरात आलं आणि पिशवीभर लुचई वाणाचे तांदूळ घेऊन तो तिच्या दारात उभा राहिला. ती जेवत होती. भात पाण्यात कालवून, बोटांनी चेचून, हिरड्यांनी चघळत होती. पिशवी ठेवून त्याने तिचे पाय धरले.

"माय, मले माफ कर."

"आता आला का?" रंभाबाई म्हणाली. "मी तं तवाच सोडलं रे. तुया पोराची नाळ मीच कापली होती. थो गेला तं मले का कमी दुखलं? त्या दिवशी मी तुयाच घरी रडाले येऊन राहिली होती. रस्त्यातच धरलं तुम्ही मले."

तुलारामला तोंड वर करवेना.

"मंग मले काही शिक्षा सांग. काही तं सांग, माय."

"कायची शिक्षा? थे तं मी भोगली. एकाच गुन्ह्याची दोघानं काहून भोगावी?"

भंडाऱ्याला कितीतरी रविवार त्याने हेच, आपल्या पापाची शिक्षा प्रभूने भोगली हे, ऐकलं होतं, हात जोडून आमेनही म्हटलं होतं. कळलं काही नव्हतं. ते आज त्या बोळक्या तोंडातून कळलं. आपली क्षमा फुकट नव्हती. तिची किंमत ही बाई रोज, घासाघासाला मोजत होती.

तो उठायला लागला तशी तिने दुसरी ताटली ओढली, भात वाढला.

"बस. जेव," ती म्हणाली. "तवापासून कोणी माया हातचं खाल्लं नाही."